मावा चव कशी घेतो?

पपईच्या बागा असलेल्या भागातील एका शाळेत आम्ही मुलांशी पिकांवरील किडींबद्दल बोलत होतो. पपईवरच्या रिंगस्पॉट रोगाचे विषाणू मावा पसरवतो, असे आम्ही सांगितले. त्यावर आठवीतली एक मुलगी उठून म्हणाली, "सर, वालाच्या शेंड्यावर मावा असतो तो आम्हाला माहीत आहे. पपईवर तो कधी दिसतच नाही. मग रोग आणतो कोण?"

मुलीचे निरीक्षण अचूक होते. मावा सहसा पपईवर वस्ती करत नाही. तरीही हा रोग मावाच पसरवतो. "मावा सोंड खुपसतो आणि रस पितो" एवढ्या एका वाक्यावर आपण शिकवणे थांबवतो, म्हणून हे कोडे सुटत नाही. त्याचे उत्तर माव्याच्या तोंडाच्या रचनेत आहे.

झुरळाचे मुखावयव आपण वर्गात शिकवतो : वरचा ओठ, जबड्यांच्या दोन जोड्या आणि खालचा ओठ. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण या सर्वांत हेच अवयव असतात, पण त्यांचे रूप पार बदललेले असते. खालचा ओठ लांब होऊन त्याची सांधे असलेली सोंड बनते. सोंडेच्या पुढच्या बाजूने एक खाच जाते आणि त्या खाचेत चार सुया असतात. बाहेरच्या दोन सुया म्हणजे जबड्यांची पहिली जोडी, आतल्या दोन म्हणजे दुसरी जोडी. चारही सुयांची जुडी आपल्या केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही बारीक असते.

आतल्या दोन सुयांच्या समोरासमोरच्या बाजूंवर पन्हळी असतात. सुया एकमेकींत घट्ट बसल्या की त्या पन्हळींच्या दोन नळ्या तयार होतात. एकीतून लाळ खाली जाते, दुसरीतून रस वर येतो. टोकापाशी या दोन्ही नळ्या एकत्र येतात. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे ती उपयोगी पडेल.

पानात शिरतात त्या फक्त सुया. सोंड पानाच्या पृष्ठभागावर टेकलेली राहते. सुया जसजशा आत जातात तसतशी माव्याची सोंड आखूड होते. कपाशीवरच्या लाल ढेकणाची सोंड अशा वेळी कोपरासारखी वाकते.

आता या सगळ्यात ज्ञानेंद्रिये कुठे आहेत ते पाहू. उडणाऱ्या माव्याला पिवळा व पोपटी रंग आकर्षित करतो, हे काम डोळ्यांचे. त्याच्या शृंगिकांवर वास घेणारे बारीक खळगे असतात. सोंडेच्या टोकावरच्या केसांना पानाचा स्पर्श कळतो. बाहेरच्या दोन सुयांच्या आत चेतातंतू असतात, त्यामुळे सुई वाकली किंवा दाबली गेली की माव्याला ते जाणवते. आतल्या दोन सुयांत चेतातंतूच नसतात. आणि सुयांच्या टोकाला चव मुळीच कळत नाही.

चव घेणारे उंचवटे असतात थेट डोक्यात, जिथे रसाची नळी शोषणाऱ्या पंपाला मिळते तिथे. म्हणजे वनस्पतीचा रस सुईतून वर चढून डोक्यापर्यंत पोचल्याशिवाय तो गोड की कडू हे माव्याला समजत नाही. आमटी चाखायला आपण चमचा जिभेला लावतो. माव्याला मात्र पेशी टोचून, तिच्यात थोडी लाळ सोडून, एक घोट वर ओढूनच चाखावे लागते.

हे कसे कळले? १९६४ साली अमेरिकेत मॅकलीन आणि किन्सी या संशोधकांनी एक युक्ती केली. माव्याच्या पाठीला अतिशय बारीक तार चिकटवली आणि झाडासह तिचे विद्युत् मंडल जोडले. सुया पानात शिरल्या की मंडल पूर्ण होते आणि पानाच्या आत काय चालले आहे ते नोंदीत उमटते. १९७८ साली नेदरलँड्समधील टालिंगी यांनी ही पद्धत सुधारली. सुईने जिवंत पेशी टोचली की विद्युत् दाब एकदम खाली घसरतो आणि साधारण पाच-दहा सेकंदांनी पुन्हा वर येतो. हाच तो एक घोट.

घोट पसंत पडला तर मावा सुया पेशींच्या मधून आणखी खोल सरकवतो. वाटेत तो एक प्रकारची लाळ सोडतो. ती घट्ट होऊन सुयांभोवती नळीसारखे आवरण तयार होते. मध्ये मध्ये पेशी चाखत तो रसवाहिन्यांपर्यंत पोचतो. त्याला अर्धा तास ते काही तास लागू शकतात. एकदा पोचला की मात्र फारसे शोषावे लागत नाही, कारण रसवाहिन्यांतला रस दाबाखालीच असतो. १९५३ साली केनेडी आणि मिटलर यांनी रस पिणाऱ्या माव्याच्या सुया कापल्या, तेव्हा झाडात राहिलेल्या तुकड्यांतून रस आपोआप ठिबकत राहिला. हा रस साखरेने भरलेला असतो. जास्तीची साखर मावा बाहेर टाकतो. पाने चिकट होतात आणि मुंग्या येतात त्या यामुळेच.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. वालावरून उडालेला पंखी मावा रोगट पपईवर उतरतो. झाड खाण्याजोगे आहे का हे जाणण्यासाठी एक घोट घेतो. घोटाबरोबर आलेले विषाणू सुयांत चिकटून राहतात. फ्रान्समधील संशोधकांनी २००७ साली फ्लॉवरच्या पिकातील एका विषाणूबाबत दाखवून दिले, की तो आतल्या सुयांच्या अगदी टोकाशी, दोन नळ्या एकत्र येतात तिथल्या प्रथिनाला चिकटतो. इकडे पपई काही माव्याला आवडत नाही. तो उडून शेजारच्या निरोगी झाडावर बसतो, पुन्हा टोचतो, आणि लाळेबरोबर विषाणू नव्या पेशीत जातात. हे झाडही नापसंत! मग तिसरे. पपई नाकारणारा मावाच पपईचा रोग पसरवतो तो असा.

नंदुरबार-जळगावकडच्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने याला फार महत्त्व आहे. कीटकनाशकाने मावा मरायला काही मिनिटे तरी लागतात, टोचण्याचे काम सेकंदांत उरकते. त्यामुळे केवळ फवारणीने हा रोग थांबत नाही, खर्च मात्र होतो. त्यापेक्षा रोपे जाळीच्या आत वाढवणे, रोगट झाडे दिसताच उपटून नष्ट करणे आणि बागेभोवती मक्याच्या ओळी लावणे उपयोगी पडते. मावा आधी मक्यावर उतरून टोचतो, तिथेच त्याच्या सुया बऱ्याचशा धुतल्या जातात आणि मक्याला हा रोग होत नाही. सर्वच विषाणूंना हे लागू नाही, हेही मुलांना सांगावे. भेंडीच्या हळद्या रोगाचा विषाणू पांढऱ्या माशीच्या शरीरात शिरतो आणि ती पुढे कित्येक दिवस तो पसरवत राहते.

वर्गात काय करता येईल? रुईच्या शेंड्यांवर पिवळा मावा सहज सापडतो. भिंगातून पाहा, सोंड कशी टेकवली आहे? मऊ कुंचल्याने हलकेच स्पर्श करा. मावा लगेच पळतो की सुया बाहेर काढायला वेळ घेतो? (रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. नंतर हात धुवावेत.) भेंडीवर किंवा कपाशीवर लाल ढेकूण मिळाला तर तो उलटा करून पोटाखाली दुमडलेली सोंड दाखवा.

आणि जवळ पपई असेल तर पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल फासून तो झाडाशेजारी टांगा. दोन दिवसांनी त्यावर चिकटलेले पंखी मावे भिंगाखाली मोजा. त्या शाळेत आम्ही हेच सुचवून आलो. पपईवर मावा "दिसत नाही" आणि "येत नाही" या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मुलांना आपल्या तोंडून ऐकण्यापेक्षा पुठ्ठ्यावर मोजून पटलेले बरे.