सामुदायिक नभोवाणी आणि स्थानिक कलावंत

वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. सामुदायिक नभोवाणीची वाट २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना, तर २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना खुली झाली. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे २००८ साली सुरू झालेली ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे त्या धोरणाचेच फलित होय.

अशा केंद्राची प्रक्षेपणशक्ती सामान्यतः १०० वॅटपुरती मर्यादित असते. आवाज पंचक्रोशीपलीकडे फारसा जात नाही. वरवर उणीव वाटणारी ही मर्यादाच स्थानिक कलावंताच्या पथ्यावर पडते. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक सहभागातून व्हावेत, ही परवान्याची अट आहे. रोजचे तास भरायचे तर ओवी गाणारी स्त्री आणि गजी नृत्याचा ढोलवादक यांच्या दारी केंद्राला जावेच लागते. आकाशवाणीच्या स्वरचाचणीस जो कधी बसला नसता, त्याची बोली येथे पात्रता ठरते.

मानधनाचा प्रश्न मात्र बिकट आहे. जाहिरातींच्या वेळेवर मर्यादा असल्याने केंद्राचे उत्पन्न तुटपुंजे राहते. म्हणूनच हक्कांची नोंद अधिक महत्त्वाची. प्रतिलिप्यधिकार कायद्यातील १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचा हक्क मान्य केला. २०१२ च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरातील स्वामित्वशुल्काचाही. हे किती लोकगायकांना ठाऊक असते?

वसई तालुक्यातील कामण परिसरात एखादे महाविद्यालय उद्या तारपावादनाचे ध्वनिमुद्रण करू लागले, तर संमतिपत्र वारली बोलीत समजावून सांगावे लागेल आणि मुद्रणाची एक प्रत वादकाच्या घरी ठेवावी लागेल.