पाटी एकाची, पदवी दुसऱ्याची: विद्यापीठ निवडतानाचे सहा गैरसमज

बारावी आणि सीईटीचे निकाल लागले की कोल्हापुरात घरोघरी एकच विषय असतो. शिवाजी विद्यापीठाखालचं कॉलेज घ्यायचं, पुणं गाठायचं, की हायवेवरच्या फलकावर झळकणारं खाजगी विद्यापीठ बघायचं? १९६२ साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा या भागाला जवळचा दुसरा पर्यायच नव्हता. आज एकट्या कोल्हापूर जिल्ह्यात त्याच्याखेरीज डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठ, अतिग्रेचं संजय घोडावत विद्यापीठ, तळसंद्याचं डी. वाय. पाटील कृषी व तंत्र विद्यापीठ आणि वारणानगरचं समूह विद्यापीठ आहे. पर्याय वाढले, तसे गैरसमजही वाढले. त्यातले बहुतेक एकाच चुकीतून येतात: तुलना नावांची होते, अभ्यासक्रमांची होत नाही.

गैरसमज १: कोल्हापुरातलं कॉलेज म्हणजे शिवाजी विद्यापीठाचंच.

वस्तुस्थिती: शिवाजी विद्यापीठाचं कार्यक्षेत्र कोल्हापूर, सांगली आणि सातारा असं तीन जिल्ह्यांचं आहे, पण या जिल्ह्यांतलं प्रत्येक कॉलेज त्याच्याकडे नाही. कोल्हापूरच्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. पदवी एकाची आणि वर्ग दुसऱ्याचा ही रीत जुनीच आहे. गोपाळ कृष्ण गोखले आधी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले आणि १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टनमधून पदवीधर झाले. पदवी मुंबई विद्यापीठाची होती. म्हणून दोन वेगळ्या गोष्टी विचारा: पदवी कोण देणार, आणि रोज शिकवणार कोण?

गैरसमज २: स्वायत्त कॉलेज म्हणजे स्वतंत्र विद्यापीठ.

वस्तुस्थिती: केआयटी किंवा विवेकानंद कॉलेजसारख्या स्वायत्त संस्था अभ्यासक्रम आखतात, परीक्षा घेतात, निकाल लावतात. पदवी मात्र शिवाजी विद्यापीठच देतं. याचा एक परिणाम फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. दोन स्वायत्त कॉलेजांच्या विद्यार्थ्यांच्या पदवीवर विद्यापीठाचं नाव एकच असलं, तरी त्यांचे पेपर आणि तपासणी वेगवेगळी असते. त्यामुळे निकालाची टक्केवारी शेजारी ठेवून काही कळत नाही. त्यापेक्षा दोन्हीकडचा तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि ओळीने ताडून बघा.

गैरसमज ३: विद्यापीठाला नॅकची ‘ए प्लस प्लस’ श्रेणी आहे, म्हणजे त्याखालची सगळी कॉलेजं तशीच.

वस्तुस्थिती: नॅक प्रत्येक संस्थेचं मूल्यांकन स्वतंत्रपणे करतं. विद्यापीठाची श्रेणी संलग्न कॉलेजला आपोआप लागू होत नाही. कॉलेजची श्रेणी वेगळी विचारावी लागते. अक्षरापेक्षा गुण बघितलेले बरे. शिवाजी विद्यापीठाला २०२१ मध्ये चारपैकी ३.५२ गुणांवर ‘ए प्लस प्लस’ मिळाली, आणि ही श्रेणी ३.५१ पासून सुरू होते. ३.५० गुण मिळवणारी संस्था ‘ए प्लस’मध्ये जाते. दोन शतांशांच्या फरकाने अक्षर बदलतं, शिकवणं बदलत नाही. शिवाय श्रेणीची मुदत सर्वसाधारणपणे पाच वर्षांची असते, म्हणून फलकावर श्रेणी दिसली की साल कोणतं, हेही विचारा.

गैरसमज ४: एनआयआरएफमध्ये ज्याचा क्रमांक वर, ते माझ्यासाठी चांगलं.

वस्तुस्थिती: केंद्र सरकारची ही क्रमवारी २०१६ पासून जाहीर होते. विद्यापीठांच्या गटात अध्यापन आणि साधनसामग्रीला ३० टक्के भार, संशोधनाला ३० टक्के, विद्यार्थ्यांच्या निकालाला आणि पुढच्या वाटचालीला २० टक्के आणि उरलेला भार सर्वसमावेशकतेला व लौकिकाला असतो. ज्याला बी.कॉम. करून बँकेच्या परीक्षा द्यायच्या आहेत, त्याला संशोधन निबंधांच्या संख्येचा उपयोग किती? आणि जी संस्था सहभागी होत नाही, ती यादीत दिसतच नाही.

क्रमांक सोडा, त्यामागची माहिती घ्या. सहभागी संस्थांनी भरलेले तक्ते खुले असतात. प्रवेश किती झाले, वेळेत किती जण उत्तीर्ण झाले, नोकरी किती जणांना लागली, मध्यक पगार किती आणि उच्च शिक्षणाला किती गेले, हे सगळं त्यात असतं. जाहिरातीतलं ‘सर्वोच्च पॅकेज’ एका विद्यार्थ्याचं असतं. मध्यक म्हणजे निम्म्या जणांना त्याहून कमी आणि निम्म्यांना त्याहून जास्त, त्यामुळे तो आकडा फसवत नाही. फक्त एक लक्षात ठेवा: तिथे चार वर्षांचे सगळे पदवी अभ्यासक्रम एकत्र धरलेले असतात. सिव्हिल आणि कॉम्प्युटरचे आकडे वेगळे हवे असतील तर कॉलेजकडेच मागावे लागतील.

गैरसमज ५: खाजगी किंवा अभिमत विद्यापीठाची पदवी सरकारीइतकी धरली जात नाही.

वस्तुस्थिती: १९५६ च्या यूजीसी कायद्यानुसार केंद्राच्या वा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठं आणि अभिमत दर्जाच्या संस्था पदवी देऊ शकतात. कायद्याच्या नजरेत त्या पदव्यांत उजवं-डावं नाही. धोका वेगळाच आहे. यूजीसी बोगस विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतं आणि तीत नागपूरच्या एका नावाचाही समावेश राहिला आहे. शिवाय विद्यापीठ मान्यताप्राप्त असलं तरी औषधनिर्माण, कायदा, वैद्यक अशा अभ्यासक्रमांना आपापल्या परिषदेची मंजुरी लागते. संस्थेची मान्यता आणि अभ्यासक्रमाची मान्यता या दोन्हींची खातरजमा करा.

गैरसमज ६: मुलींचं शिक्षण आता सगळीकडे मोफत आहे, मग फी कशाला बघायची?

वस्तुस्थिती: २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचं शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य सरकार भरतं. मात्र खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या योजनेत नाहीत, आणि व्यवस्थापन कोट्यातून घेतलेला प्रवेशही चालत नाही. एकच मुलगी, एकच शाखा, दोन शेजारच्या संस्था. तरी चार वर्षांच्या खर्चात काही लाखांचा फरक पडू शकतो.

फीखेरीज राहण्याचा खर्च असतोच. खेड्यातली मुलं शहरात राहून शिकायची तर वसतिगृह हवं, हे ओळखून शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली. आजही गारगोटीच्या किंवा गडहिंग्लजच्या मुलाला पुण्यातली कॉट आणि मेस कितीला पडते, हा हिशेब फीच्या पावतीइतकाच महत्त्वाचा आहे.

ऑप्शन फॉर्म भरण्याआधी एका कागदावर तीन-चार पर्यायांचे उभे रकाने आखा. आडव्या ओळींत लिहा: पदवी देणारं विद्यापीठ, परिषदेची मंजुरी, संस्थेचे नॅक गुण व साल, त्या शाखेतले कायम प्राध्यापक, वेळेत उत्तीर्ण झालेले विद्यार्थी, मध्यक पगार, शिष्यवृत्ती वजा जाता फी, राहण्याचा खर्च. सगळे आकडे एकाच वर्षाचे आणि एकाच शाखेचे घ्या. मग तिथल्या शेवटच्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना गाठून प्रयोगशाळा किती वेळ उघडी असते ते विचारा. माहिती मागूनही जो रकाना एखादी संस्था भरून देत नाही, तो कोरा ठेवा आणि निर्णय घेताना तो कोरेपणाही मोजा.