संसार सांभाळून नर्सिंगला जाताना

वस्तीत काम करताना तिशीतल्या भगिनी आम्हाला विचारतात, "या वयात नर्सिंगला प्रवेश मिळेल का?" मिळतो. एएनएम (२ वर्षे) आणि जीएनएम (३ वर्षे) या दोन्हींसाठी कमाल वय ३५ आहे. म्हणून तेहतिसाव्या वर्षी "पुढच्या वर्षी बघू" म्हणणे महागात पडते.

फी सगळेच विचारतात. आम्ही सांगतो, हॉस्टेल सक्तीचे आहे का आणि रात्रपाळी किती, हे आधी विचारा. थिअरी व प्रात्यक्षिक दोन्हींत ८० टक्के हजेरी लागते. शिवाय प्रात्यक्षिकाची बुडालेली ड्युटी डिप्लोमापूर्वी पूर्ण भरून द्यावी लागते, मूल आजारी होते म्हणून माफ होत नाही. रात्री मुलांजवळ कोण थांबणार, हे नवऱ्याने आणि सासूबाईंनी प्रवेशाआधीच ठरवावे. ऐनवेळी सगळे तिच्यावरच येते.

जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र माहेरच्या नावाने, आधार सासरच्या. त्यामुळे विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्र जवळ ठेवा. महाडीबीटीवरील मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २.५० लाखांच्या आत हवे.

आणि एजंटच्या हातावर पैसे ठेवण्याआधी महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत कॉलेजचे नाव शोधा. आमच्या एका ताईंनी ते नंतर शोधले.