आधी प्रश्न, मग पुस्तक

वैद्यकीच्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण घेणारी मुलं रुग्णासमोर उभी राहिली की गोंधळतात, हे हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाला सतत खटकत असे. शरीररचना पाठ, औषधांची नावं पाठ, पण समोरच्या माणसाला नेमकं काय झालंय ते शोधायला ही माहिती कशी वापरायची, हे ठाऊक नाही. कॅनडात हॅमिल्टन इथल्या मॅकमास्टर विद्यापीठाने 1969 मध्ये नवं वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं, तेव्हा पहिले अधिष्ठाता जॉन इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुखण्यावर मुळातूनच उपाय केला. आधी विषयवार व्याख्यानं आणि मग रुग्ण, हा क्रमच त्यांनी उलटा केला. पुढे बॅरोजही तिथे आले आणि या समस्याधारित शिक्षणाचे जगभरातले सर्वांत मोठे पुरस्कर्ते ठरले.

असा वर्ग चालतो कसा? पाच-सात विद्यार्थी आणि एक शिक्षक टेबलाभोवती बसतात. समोर एक कागद असतो: साठीचा गृहस्थ, सकाळी उठल्यापासून उजवा हात उचलत नाही, बोलताना शब्द सापडत नाहीत. कुणी म्हणतं, हाताची नस दबली असेल. दुसरा विचारतो, मग बोलणं का अडखळतं? तिसरीला आठवतं, वाचेचं केंद्र बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतं. मग उजवा हात कसा लुळा पडला? इथे सगळेच थांबतात. मज्जातंतू मेंदूतून खाली उतरताना बाजू बदलतात, हे शिक्षकाला ठाऊक असतं, पण तो सांगत नाही. आपल्याला काय माहीत नाही याची यादी मुलं स्वतःच करतात, ग्रंथालयात जातात आणि पुढच्या बैठकीत उत्तरं घेऊन येतात. असं शोधून काढलेलं सहसा विसरत नाही.

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या वैद्यकीय महाविद्यालयाने 1974 पासून हीच वाट धरली आणि तिला सात पायऱ्यांची शिस्त दिली: अनोळखी शब्द समजून घेण्यापासून ते स्वतः अभ्यास करून पुन्हा गटासमोर मांडण्यापर्यंत. त्याहून मोलाचं काम त्यांनी परीक्षेबाबत केलं. प्रत्येक घटकानंतर चाचणी ठेवली की विद्यार्थी तेवढ्यापुरतं घोकणार, हे ओळखून त्यांनी वर्षातून चार वेळा संपूर्ण अभ्यासक्रमावर एकच परीक्षा ठेवली. पहिल्या वर्षाच्या आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना तीच प्रश्नपत्रिका. ऐन वेळी जागून तिची तयारी करताच येत नाही.

या पद्धतीने मुलं खरंच जास्त शिकतात का? या प्रश्नावर बराच वाद झाला आहे. बेल्जियमचे शिक्षणसंशोधक फिलिप दोशी आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये 43 अभ्यास एकत्र करून पाहिले. ज्ञान वापरण्याच्या कौशल्यात ही मुलं स्पष्टपणे पुढे होती. निव्वळ माहितीत किंचित मागे होती, पण जेवढं शिकली ते त्यांच्या अधिक काळ लक्षात राहिलं. तीनच वर्षांनी शिक्षण-मानसशास्त्रज्ञ कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी कडक टीका केली: विषयाचा पाया नसलेल्या नवशिक्याला फारसं मार्गदर्शन न करता सोडून दिलं, तर त्याच्या बुद्धीवर नुसता ताण येतो. ही टीका गांभीर्याने घ्यायला हवी. मात्र चांगल्या समस्याधारित वर्गात मुलाला वाऱ्यावर सोडलेलं नसतंच. तिथे शिक्षकाचं काम उलट वाढतं. कुठे गप्प राहायचं आणि कुठे एक नेमका प्रश्न टाकायचा, हे त्याला क्षणोक्षणी ठरवावं लागतं. आपल्याकडे प्रकल्पाच्या नावाखाली आई-वडील रात्री जागून थर्माकोलचा ज्वालामुखी करतात, त्याचा आणि या पद्धतीचा काहीही संबंध नाही.

भारतातला या जातीचा सर्वांत मोठा प्रयोग झाला तो मध्य प्रदेशातल्या साध्या सरकारी शाळांत. होशंगाबाद जिल्ह्यात 1972 मध्ये किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी 16 उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिकवण्याची नवी पद्धत सुरू केली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ त्यात होते. 1978 मध्ये ती जिल्हाभर पसरली आणि 1982 मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे ती सांभाळली. इथली मुलं रानातून झाडं मुळांसकट उपटून आणत. पानांच्या शिरा पाहायच्या, मुळं पाहायची, तक्ता भरायचा. समांतर शिरांच्या झाडांना तंतुमुळं आणि जाळीदार शिरांच्या झाडांना सोटमूळ, हा संबंध तक्त्यातून मुलांनाच दिसत असे. पुण्याच्या टेल्कोत अभियंता असलेले अरविंद गुप्ता रजा काढून तिथे गेले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीतल्या काड्या जोडून त्यांनी आकार बनवले. काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की तिरका होतो, त्रिकोण मात्र हलत नाही. पूल आणि छपरांच्या सांगाड्यात त्रिकोणच का, हे कळायला मग वेगळं व्याख्यान लागत नाही.

त्रिकोणाचा हाच गुण पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला त्रिकोण जोडून केलेल्या घुमटाकार घरांच्या रूपात उभा आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्तान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून 1983 मध्ये या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास झालेली मुलंही इथे येऊन वेल्डिंग, शेती, वीजजोडणी शिकतात, आणि समस्या गावातूनच येतात. घुमट उभारायचा तर सळ्यांची लांबी मोजावी लागते, कोन काढावे लागतात, खर्चाचं अंदाजपत्रक करावं लागतं. गणिताचा धसका घेतलेला मुलगा इथे गणित करतो, कारण सळी आखूड कापली तर घुमट जुळतच नाही. आश्रमाचा मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत आठवी ते दहावीला शिकवला जातो. आठवड्यातला एक दिवस हाताने काम, असं त्याचं स्वरूप आहे. 1937 च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी मांडलेल्या नई तालीमशी, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण देण्याच्या कल्पनेशी, त्याचं नातं उघड आहे.

होशंगाबादचा कार्यक्रम राज्य सरकारने 2002 मध्ये बंद केला. तोवर तो हजारच्या आसपास शाळांत पोहोचला होता. त्यातली सर्वांत धाडसी गोष्ट होती आठवीची परीक्षा. मुलं पुस्तक उघडून उत्तरं लिहीत, कारण पाठांतराची परीक्षा घ्यायचीच नव्हती. शिवाय प्रत्येकाला स्वतः प्रयोग करून दाखवावा लागे. महाराष्ट्रात आज दहावीच्या विज्ञानाचे 80 गुण लेखी परीक्षेला आणि 20 प्रात्यक्षिकाला आहेत. प्रात्यक्षिकाची वही बहुतेक ठिकाणी फळ्यावरून उतरवली जाते, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अनुभवातून शिकण्याचा पुरस्कार आहे. तो वर्गात उतरायचा असेल तर सुरुवात या 20 गुणांपासून करता येईल: मुलाच्या हातात दोन अनोळखी पानं द्यावीत, त्यांच्या झाडांची मुळं कशी असतील ते विचारावं आणि तो काय कारण देतो ते ऐकून गुण द्यावेत.