वाढत्या अंगाची होडी

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर इथल्याच एका पालकांनी विचारलं होतं, ‘सर, मुलीला शिडाच्या होडीचं वेड लागलंय. अकरा वर्षांची आहे. कोणती होडी घ्यावी?’ सभेत थोडं हसू झालं. हरसूल कुठे, समुद्र कुठे, आणि विचारताय कोणाला, तर तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तराला! पण प्रश्न चांगला आहे, म्हणून आज तोच घेऊ.

आधी त्या हसण्याबद्दल. आपल्याच जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यात तळेगाव रोही हे दुष्काळी गाव आहे. तिथला दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदायचा. सैन्यात गेल्यावर त्याच्या हातात वल्हं आलं आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तो तेरावा आला. ही वल्ह्याची गोष्ट झाली, शिडाचीही आहे. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली नेहा ठाकूर, शेतकऱ्याची मुलगी, भोपाळच्या मोठ्या तलावावर शिकली. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सतराव्या वर्षी तिने शिडाच्या होडीत रौप्यपदक मिळवलं. देवासलाही समुद्र नाही. तेव्हा हसण्याचं कारण नाही.

आता होडी. आपल्याकडे मुलांचे कपडे घेताना एक रीत आहे. वाढत्या अंगाचा सदरा घ्यायचा, बाह्या दुमडायच्या, दोन वर्षं निघतात. पालक होडीच्या बाबतीतही हाच हिशेब करतात. पैसे एकदाच जाणार, तर मोठीच घेऊ. आमचं म्हणणं असं की सदऱ्याला हा न्याय लागू आहे, होडीला नाही. का, ते बघू.

वारा शिडाला ढकलतो आणि होडी कलते. तिला सरळ ठेवायला एकट्या मुलीजवळ काय असतं? तिचं स्वतःचं वजन. वाऱ्याच्या बाजूच्या काठावर बसून अंग बाहेर टाकायचं, एवढाच उपाय. आणि वाऱ्याचं गणित वाईट असतं. वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. तिचं वजन मात्र जेवढं होतं तेवढंच. शीड मोठं असेल तर ती दर झोताला दोर सोडून देते, शीड फडफडत राहतं, होडी थांबते. सुकाणू किती वळवायचं, शीड किती ओढायचं, हे शिकायची पाळीच येत नाही. ती एकच गोष्ट शिकते, घाबरायला. सदरा मोठा झाला तर अंग शिवशिवत नाही, होडी मोठी झाली तर मूल दोन महिन्यांत घरी बसतं.

ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रात मायलो नावाच्या मल्लाचं उदाहरण दिलंय. जेवढं अन्न मायलोला कमी पडेल, तेवढंच नवशिक्याला जास्त होईल. मध्य हा वस्तूचा नसतो, आपल्या संदर्भातला असतो. आपल्या वेदान्तातही ग्रंथ उघडला की पहिली चौकशी हीच, याचा अधिकारी कोण? ‘चांगली होडी कोणती’ या प्रश्नाला म्हणून उत्तर नाही. ‘पस्तीस किलोच्या मुलीला, एकटीला, धरणाच्या पाण्यावर चांगली कोणती’ याला आहे.

त्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी ऑप्टिमिस्ट. १९४७ साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्स या होडीबांधणाऱ्याने ती मुलांसाठी आखली. अट अशी की प्लायवुडच्या दोन फळ्यांत बसली पाहिजे. फळी आठ फुटांची, म्हणून होडी आठ फुटांच्या आतली आणि नाक चपटं. दिसायला आंघोळीच्या टबासारखी, पण जगभरची मुलं पंधराव्या वर्षापर्यंत हीच चालवतात. नुसत्या होडीचं वजन ३५ किलो, शीड साधारण साडेतीन चौरस मीटरच्या आत. दोघांनी उचलून जीपच्या टपावर टाकता येते, आणि हरसूलच्या माणसाला ही बारीक गोष्ट नाही.

नेहाची होडी आयएलसीए ४, जिला पूर्वी लेझर ४.७ म्हणत. हिच्यात एक गंमत आहे. होडी तीच राहते, शीड आणि डोलकाठीचा खालचा भाग बदलून ४.७ चौरस मीटरवरून पुढे सात चौरस मीटरपर्यंत जाता येतं. म्हणजे ही खरोखर वाढत्या अंगाची होडी! पण ती सुरू होते पन्नास-पंचावन्न किलोच्या पुढे. सव्वाचार मीटरसुद्धा अकरा वर्षांच्या मुलीला फार लांब वाटतात.

दोघांची होडी घेऊन वडीलच बरोबर बसले तर? भित्र्या मुलाला पहिले काही दिवस सोबत जरूर द्यावी. एरवी सुकाणू नावापुरतं मुलाच्या हातात आणि निर्णय वडिलांच्या तोंडात, असं होतं. डोंगरांमधल्या धरणावर वारा सरळ येत नाही, दिशा बदलत, थांबत, झोतांनी येतो. तो ओळखायला स्वतःच शिकावं लागतं.

घेताना जुनी घ्यायला हरकत नाही. ऑप्टिमिस्टमध्ये हवेच्या तीन पिशव्या असतात, त्या रात्रभर फुगवून ठेवायच्या आणि सकाळी बघायच्या. डोलकाठी जिथे रोवतात ती जागा हलवून पाहायची. फायबरची असेल तर बोटाने वाजवत जायचं, आवाज मऊ आला तिथे काहीतरी गडबड आहे. वजनकाट्यावर ठेवायची, फार जड भरली तर आत पाणी मुरलंय. आणि ज्या पाण्यावर जायचं तिथली बाकीची मुलं जी होडी चालवतात तीच घ्यायची, कारण सुटे भाग, शर्यत आणि शिकवणारा या तिन्ही गोष्टी तिच्याबरोबर येतात.

पाण्यात घालण्याआधी जलसंपदा खात्याची परवानगी, पोहणं, आणि अंगाला घट्ट बसणारं लाइफ जॅकेट. ते मात्र वाढत्या अंगाचं अजिबात नको, पाण्यात डोक्यावरून निघतं. पहिल्या दिवशी काठाजवळ, शिकवणारा पाण्यात उभा असताना, होडी मुद्दाम उलटवायची. मुलीने तळाच्या फळीवर भार देऊन ती एकटीने सरळ करायची, आत चढायचं, दोरीने बांधलेल्या डबड्याने पाणी उपसायचं. हे तीनदा जमलं की मग काठापासून लांब.