बिनतारी जोडणी : शेवटच्या दहा मीटरांचे भौतिकशास्त्र

२०२५ सालापासून अकरावीचे प्रवेश साऱ्या महाराष्ट्रात ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. त्याआधी ही पद्धत काही मोठ्या शहरांपुरती होती. आता वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे) सारख्या गावच्या मुलालाही आपला पसंतीक्रम ठरलेल्या तारखेच्या आत संगणकावर किंवा फोनवर भरावा लागतो. अशा वेळी पडद्यावरचे ते गोल चक्र फिरतच राहिले, की साऱ्या घराचा जीव टांगणीला लागतो. मग वडील इंटरनेट देणाऱ्या कंपनीला दोष देतात आणि अधिक पैशांची योजना घेऊ म्हणतात. परंतु पुष्कळदा दोष बाहेरच्या तारेत नसतोच. तार घरात येऊन संपते, त्यापुढच्या आठ-दहा मीटरांत तो असतो.

घरापर्यंत येणारी तार बहुधा काचेचा तंतू असतो. त्यातून प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तनाने पुढे सरकत येतो. (म्हणूनच ही तार खिळ्याभोवती काटकोनात वाकवू नये. आपाती कोन क्रांतिक कोनापेक्षा कमी झाला, की प्रकाश बाहेर गळतो.) भिंतीवरची डबी या प्रकाशाचे विद्युत् संकेतांत रूपांतर करते आणि राउटर ते संकेत रेडिओ लहरींवर स्वार करून घरभर सोडतो. संगणकाकडून परत जाणारे संकेतही याच वाटेने उलटे जातात.

या लहरींची वारंवारता सुमारे २.४ अब्ज हर्ट्‌झ असते. प्रकाशाच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला ३० कोटी मीटरला, या संख्येने भागा. तरंगलांबी १२.५ सेंटिमीटर येते, पोस्टकार्डाच्या लांबीपेक्षा किंचित कमी. हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी विनापरवाना वापरण्याची मोकळीक भारत सरकारने जानेवारी २००५ मध्ये दिली. नव्या राउटरमध्ये ५ अब्ज हर्ट्‌झचा दुसरा पट्टाही असतो. तो वेगवान खरा, पण भिंतींपुढे लवकर थकतो.

तरंगलांबी आणि अडथळा यांचे नाते किती महत्त्वाचे आहे, हे आपल्याच राज्यात पाहायला मिळाले. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी पालघर जिल्ह्यात खामलोली येथे मनोरा उभारून सात पाड्यांपर्यंत इंटरनेट नेण्याचा प्रयोग केला. तेथे झाडी आणि चढउतार फार. म्हणून त्यांनी दूरचित्रवाणीसाठी राखलेला, पण त्या भागात रिकामा पडलेला, ४७० ते ५९० मेगाहर्ट्‌झचा पट्टा परवाना घेऊन वापरला. येथे तरंगलांबी अर्ध्या मीटरहून अधिक. अशी लांब लहर पानाफांद्यांतून पुष्कळ कमी हानीने पार होते आणि अडथळ्याला वळसाही घालू शकते. मात्र पाड्यात पोहोचल्यावर शेवटचे काही मीटर तेथेही वायफायच लागले, म्हणजे पुन्हा तीच आखूड लहर.

आता सिंदीतले एक नेहमीचे घर डोळ्यांसमोर आणा. पुढे ओसरी, मध्ये माजघर, मागे मुलाच्या अभ्यासाची खोली. तार रस्त्याकडून येते म्हणून राउटर ओसरीच्या कोपऱ्यात बसतो. परिणामी निम्मी ऊर्जा रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या वाट्याला जाते!

थोडा हिशेब करू. राउटरची शक्ती १०० मिलिवॉट धरा. अभियंते ती डेसिबलच्या मापाने मोजतात. १ मिलिवॉट म्हणजे शून्य डीबीएम. दर १० डेसिबलला शक्ती दहापट वाढते किंवा एक दशांश होते. तेव्हा १०० मिलिवॉट म्हणजे २० डीबीएम. १ मीटरवर हाच आकडा सुमारे उणे २० होतो. पुढे व्यस्त वर्गाचा नियम लागू पडतो. अंतर दुप्पट, तर शक्ती पाव, म्हणजे ६ डेसिबलची घट. ८ मीटरवर उणे ३८. वाटेत विटांच्या दोन भिंती असल्या आणि प्रत्येकीने ८ डेसिबल खाल्ले, तर उणे ५४. येथवर सारे ठीक चालते. जुनी, हातभर जाडीची मातीची भिंत मात्र याहून बरीच अधिक खाते, आणि पावसाळ्यात ओलावली की आणखीच.

त्यात धातूची भर पडते. लोखंडी कपाट किंवा खिडकीत बसवलेला पत्र्याचा कूलर लहर परतवून लावतो. आपल्या वैदर्भीय उन्हाळ्यात हा कूलर नेमका मुलाच्या खोलीत असतो आणि त्याच्या टाकीतले पाणी लहरींची ऊर्जा शोषून घेते. (२.४ अब्ज हर्ट्‌झ ही पाण्याच्या रेणूची खास वारंवारता आहे, असे अनेक ठिकाणी छापलेले असते. ते खरे नव्हे. याहून कितीतरी अधिक वारंवारतेला पाणी जास्त शोषण करते.) आणखी २० डेसिबल गेले, म्हणजे शंभरांश उरले, की आकडा उणे ७५ च्या आसपास येतो आणि जोडणी अडखळू लागते. उणे ८० च्या खाली ती तुटते म्हणायला हरकत नाही.

उपाय यातूनच सुचतो. राउटर माजघरात, कपाटापासून दूर, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर ठेवावा. त्यासाठी लागणारी जादा तार महिन्याच्या महाग योजनेपेक्षा स्वस्त पडते. ॲन्टेनाची दांडी उभी असली, तर लहरी चहूबाजूंस आडव्या पसरतात, दांडीच्या टोकाच्या दिशेने जवळजवळ नाहीच. माडीवर खोली असेल तर एक दांडी आडवी करावी. टेबलावरच्या संगणकात पुष्कळदा बिनतारी ग्राहक नसतो. मग लोक यूएसबीचा डोंगल पेटीच्या मागे खुपसतात आणि पत्र्याची पेटीच आडोसा होऊन बसते. मीटरभर यूएसबी तार लावून डोंगल पुढे टेबलावर आणावा. आणि संगणक राउटरच्या जवळच असेल तर सरळ लॅनची तार जोडावी. बिनतारी असणे हा काही सद्‌गुण नाही.

शेजारच्या राउटरचाही विचार करावा लागतो. एका वाहिनीवरची उपकरणे वर्गातल्या शहाण्या मुलांसारखी वागतात. एक बोलत असताना बाकीची थांबतात. शेजारचाही त्याच वाहिनीवर असेल तर तुमचा निम्मा वेळ थांबण्यातच जातो. २.४ च्या पट्ट्यात १, ६ आणि ११ या वाहिन्या एकमेकींत मिसळत नाहीत. त्यांतली मोकळी असेल ती निवडावी. लहर भिंतीपलीकडे जातेच, म्हणून कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द बदलावा. डबी आणि राउटर मिळून फार तर दहा-पंधरा वॉट घेतात. भारनियमनाच्या गावी त्यांना लहानशी बॅटरी जोडली तर अर्ज अर्धवट राहत नाही.

शिक्षकांना हा प्रयोग वर्गाला सहज देता येईल. संकेताची शक्ती डीबीएममध्ये दाखवणारे ॲप फोनवर घ्या. घराचा नकाशा आलेख-कागदावर काढा आणि दर मीटरला आकडा लिहा. फोन सहा सेंटिमीटर सरकवला तरी आकडा बदललेला दिसेल, कारण थेट आलेल्या आणि भिंतींवरून परतलेल्या लहरींचे व्यतिकरण होते. म्हणून प्रत्येक जागी फोन थोडा हलवून दहा वाचने घ्यावीत व त्यांची सरासरी मांडावी. मग कूलरजवळ दोनदा मोजा, टाकी रिकामी असताना आणि काठोकाठ भरल्यावर.