सरकार पाड्यापासून

अमेरिकेतल्या प्राथमिक शाळेत सरकारचा धडा तीन शाखांनी सुरू होतो. काँग्रेस कायदे करते, राष्ट्राध्यक्ष ते राबवतो आणि ते घटनेला धरून आहेत का, हे सर्वोच्च न्यायालय तपासतं. प्रतिनिधिगृहात 435 सभासद, सिनेटमध्ये 100, न्यायालयात 9 न्यायाधीश. राष्ट्राध्यक्षाने एखादा कायदा नाकारला तरी दोन्ही सभागृहं दोन-तृतीयांश मतांनी तो पुन्हा मंजूर करू शकतात. 1787 साली फिलाडेल्फियात जमलेल्यांना राजा नको होता. सगळी सत्ता एका हातात जाऊ नये, म्हणून त्यांनी ही मांडणी केली. दहा वर्षांच्या मुलाला एवढं सहज कळतं.

मग डहाणू तालुक्यातल्या विवळवेढ्याच्या मुलाला सरकार कुठून शिकवायचं? आपली सवय दिल्लीपासून खाली उतरत येण्याची. राष्ट्रपती, पंतप्रधान, मुख्यमंत्री, जिल्हाधिकारी, आणि उरलं तर सरपंच. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीत हा क्रम उलटा करावा, असं मला मनापासून वाटतं. इथे कायद्यानेच पाड्यापासून सुरुवात केली आहे.

विवळवेढे म्हणजे महालक्ष्मीचं गाव. मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागून देवीचं देऊळ, मागे गड. चैत्री पौर्णिमेला यात्रा भरते तेव्हा गडावर ध्वज लावण्याचा मान वाघाडी गावच्या पुजाऱ्याचा असतो. कोणतं काम कोणी करायचं आणि कोणाचा मान कुठे संपतो, हे इथली मुलं पुस्तक उघडण्याआधीच शिकलेली असतात. शिक्षकाने तिथूनच पुढे न्यावं.

घटनेच्या पाचव्या अनुसूचीत आदिवासी भागांसाठी वेगळी तरतूद आहे आणि डहाणू-तलासरी त्या क्षेत्रात येतात. 1993 साली देशभर पंचायत राज लागू झालं, पण ते या भागांना आपोआप लागू झालं नाही. त्यासाठी दिलीपसिंह भुरिया यांच्या समितीने शिफारशी केल्या आणि डिसेंबर 1996 मध्ये संसदेने पंचायत राज अनुसूचित क्षेत्रांपर्यंत नेणारा पेसा कायदा केला. या कायद्याने गावाची व्याख्याच बदलली. महसुली नकाशावरचं गाव बाजूला राहिलं. आपल्या रूढी-परंपरेप्रमाणे आपला कारभार चालवणारी वस्ती, मग तो एखादा पाडा का असेना, ती गाव ठरली. महाराष्ट्राचे पेसा नियम 2014 साली आले. त्यांनुसार पाड्यातले मतदार ठराव करून प्रांताधिकाऱ्याकडे जाऊ शकतात आणि पडताळणीनंतर पाडा स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होतो. त्याची ग्रामसभाही वेगळी. अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतीचा सरपंच आदिवासीच असतो आणि निम्म्याहून कमी जागा आदिवासींना देता येत नाहीत.

मुलांना ग्रामसभेची वही दाखवावी. वर तारीख, मग विषय क्रमांक, त्याखाली ठराव, सूचक, अनुमोदक, शेवटी सह्या आणि अंगठे. विहिरीचा गाळ काढायचा की अंगणवाडीचं छप्पर दुरुस्त करायचं, घरकुलाच्या यादीत कोणाचं नाव घालायचं, हे याच पानांवर ठरतं. खर्च झाल्यावर तो नीट झाल्याचा दाखलाही ग्रामसभेनेच द्यायचा असतो. आदिवासी उपयोजनेच्या निधीतले 5 टक्के थेट या पंचायतींना मिळतात आणि ते कशावर खर्च करायचे हे ग्रामसभा ठरवते. अमेरिकेत जे काम कायदेमंडळ करतं, म्हणजे पैसा मंजूर करणं आणि हिशेब मागणं, ते इथे अंगणात बसून होतं. फरक एवढाच की इथे प्रतिनिधी नाही, माणूस स्वतः बसतो. अमेरिकेतल्याच व्हर्माँट राज्यातल्या अनेक गावांत मार्चच्या पहिल्या मंगळवारी लोक असेच जमतात आणि गावचं अंदाजपत्रक हात वर करून मंजूर करतात.

त्याहून जवळचं उदाहरण नॅव्हाहो लोकांचं. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना नागरिकत्व मिळालं ते 1924 साली, आणि ॲरिझोना, न्यू मेक्सिकोत मतदानाचा हक्क 1948 साली. नॅव्हाहोंचं स्वतःचं सरकार आहे, राजधानी विंडो रॉक, 24 सभासदांचं मंडळ, आणि त्याखाली 110 स्थानिक सभा. इथल्या वारली आदिवासी मुलांना हे सांगायलाच हवं. तिथेही जंगलातल्या, वाळवंटातल्या लोकांनी राज्य नावाच्या गोष्टीशी वाटाघाटी करत आपली सभा टिकवली.

न्यायालय काय करतं, हे शिकवायला तर डहाणूइतकी चांगली जागा नाही. संसदेच्या 1986 च्या पर्यावरण कायद्याखाली केंद्र सरकारने जून 1991 मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. अधिसूचनेची अंमलबजावणी होईना, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाच्या आदेशावरून 1996 मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं. 1998 साली याच प्राधिकरणाने तालुक्यातल्या नियोजित वाढवण बंदराला नकार दिला. डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राला धुरातलं गंधक शोषणारी यंत्रणा बसवायला लावली. 2023 मध्ये मात्र प्राधिकरणाने बंदराला अटींसह परवानगी दिली आणि ऑगस्ट 2024 मध्ये पायाभरणी झाली. कायदा संसदेचा, अधिसूचना केंद्र सरकारची, राखण न्यायालयाच्या आदेशाने आलेल्या प्राधिकरणाची. तिन्ही शाखा एकाच तालुक्यात दिसतात, आणि त्यांचं मत काळाबरोबर कसं बदलतं तेही.

ग्रामसभेची ताकद कुठे थांबते, हेही लपवू नये. पेसात भूसंपादनाआधी ग्रामसभेशी विचारविनिमय करायचा आहे, संमतीची अट नाही. अनुसूचित क्षेत्रात पूर्वसंमती हवी असं 2013 च्या भूसंपादन कायद्याने म्हटलं. तरी बुलेट ट्रेनच्या वेळी पालघर जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले आणि मार्गिकेचं काम पुढे गेलंच. मुलं विचारतील, मग ठराव कशाला? शिक्षकाने हा प्रश्न टाळू नये. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने वर्षानुवर्षं ठराव आणि अभ्यास करूनच 2009 साली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, हे त्यांना सांगावं.

अमेरिकेत प्रतिनिधिगृहात जायला वयाची 25 वर्षं पूर्ण लागतात, सिनेटला 30, राष्ट्राध्यक्ष व्हायला 35. विवळवेढ्यातल्या पाचवीतल्या मुलीचं नाव आठ वर्षांनी मतदार यादीत चढेल. त्या दिवसापासून ती ग्रामसभेची सभासद असेल, कोणतीही निवडणूक न लढवता.